गेटसमोरचे पंधरा मीटर

मंडळी, संपादकांनी खरं तर माझ्याकडे 'हॉस्टेलमधली पहिली रात्र' छापाचा लेख मागितला होता. तो दरवर्षी कोणीतरी लिहितंच, आणि मेसच्या भाजीवरचे विनोदही तेच असतात. म्हणून म्हटलं, यंदा जरा अभ्यासाचं लिहू. घाबरू नका, विषय सिलॅबसमधला नाही. आपल्या मेन गेटपासून समोरच्या बस स्टॉपपर्यंतचा रस्ता, एवढाच विषय आहे. सिव्हिलच्या मित्राने सर्व्हे लॅबची टेप आणून मोजून दिलाय. अलीकडची बाजू ७ मीटर, मधला डिव्हायडर १ मीटर, पलीकडची बाजू ७ मीटर. एकूण १५ मीटर. चहाला, झेरॉक्सला, घरी जाताना आपण सगळे तो दिवसातून चार वेळा ओलांडतो आणि एकदाही त्याचा विचार करत नाही.

मीही करत नव्हतो. गेल्या वर्षी पाचव्या सेमिस्टरच्या सबमिशनच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी काय झालं

आपल्या ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले काका सगळ्यांना ठाऊक आहेत. कॉलेजला फोन लावला की पहिला आवाज त्यांचाच येतो. काका पूर्ण दृष्टिहीन आहेत. साडेपाचला सुटतात, काठी टेकत गेटवर येतात आणि रस्ता ओलांडून बस पकडतात.

त्या दिवशी फाईल सही होऊन आली होती, मी खुशीत होतो, आणि मला समाजसेवेची हुक्की आली. "चला काका, मी सोडतो," असं म्हणून मी त्यांचा दंड धरला आणि निघालो. विचारलं वगैरे काही नाही. उजव्या कानात इअरफोन, दुसऱ्या हातात मोबाइल. ग्रुपवर इंटर्नलचे मार्क पडत होते, त्यामुळे अर्धं लक्ष तिकडे. अर्धं म्हणजे बरंच कमी सांगतोय.

पहिले सात मीटर पार पडले. डिव्हायडरवर आलो. डावीकडे एक नजर टाकली, रस्ता रिकामा वाटला, पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि पाऊल टाकलं. तेवढ्यात काका जागच्या जागी थांबले. नुसते थांबले नाहीत, माझा हात धरून त्यांनी मला मागे ओढलं. समोरून वाळूचा डंपर गेला. त्याच्या वाऱ्याने माझा शर्ट हलला. मोबाइल हातातून उडाला आणि रस्त्यावर पडला.

मिनिटभर कोणीच बोललं नाही. मग काका शांतपणे म्हणाले, "मला दिसत नाही, हे मी समजू शकतो. तुला काय झालं होतं?"

त्या रात्री मेसला गेलो नाही. एकच विचार डोक्यात होता. मी एकटा मेलो असतो तर ती माझी चूक होती. पण मी एका माणसाला हाताला धरून, मदत म्हणून, डंपरखाली नेत होतो.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला एक्स्चेंजमध्ये गेलो. काका म्हणाले, "माफी राहू दे. रस्ता कसा ओलांडतात ते शीक." तिथून हा अभ्यास सुरू झाला. आधी काकांकडून शिकलो, मग लायब्ररीत आणि इंटरनेटवर वाचलं, आणि शेवटी आमचं मिनी प्रोजेक्टही ह्यावरच झालं.

कानाने रस्ता कसा बघतात

मला वाटायचं, दृष्टिहीन माणूस आवाज शांत झाला की निघतो. काका हसले. म्हणाले, "निघायचं नंतर. आधी उभं कसं राहायचं ते बघ."

काठीने फुटपाथची कड शोधायची. समोरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज उजवीकडून डावीकडे सरकतो, त्या सरकण्याची एक रेघ मनात धरायची. आपले दोन्ही खांदे त्या रेघेला समांतर ठेवले की नाक बरोबर पलीकडच्या फुटपाथकडे होतं. ह्याला एवढं महत्त्व का? गणित करून बघा. समजा, उभं राहताना १० अंशांची चूक झाली. १५ मीटर चालल्यावर माणूस सरळ रेषेपासून सुमारे २.६ मीटर बाजूला गेलेला असतो. झेब्रा क्रॉसिंग साधारण ३ मीटर रुंद, आणि आपण मधोमध उभे असलो तर दोन्हीकडे दीड-दीड मीटरच शिल्लक. म्हणजे दहा अंशांच्या चुकीत माणूस पट्ट्यांच्या बाहेर, आणि त्याला ते कळायला मार्ग नाही.

सिग्नलच्या चौकात आणखी एक खूण मिळते. लाल-हिरवा दिवा दिसत नाही, पण आपल्या शेजारून, आपल्याच दिशेने जाणारी वाहनं एकदम सुटल्याचा आवाज येतो. ती सुटली म्हणजे आडवी जाणारी थांबली, असा हिशोब. हा हिशोब जगभर शिकवतात. आपल्याकडे मात्र त्याला दोन अपवाद कायम जोडावे लागतात: डावीकडे वळणारे आणि सिग्नल तोडणारे.

आपल्या गेटसमोर सिग्नल नाही. तिथे गाड्यांमधली मोकळी जागाच ऐकावी लागते. काकांनी ह्या कामातले तीन शत्रू सांगितले. पहिला पाऊस, कारण छत्रीवरच्या थेंबांत लांबची गाडी बुडून जाते. दुसरा सलग मोठा आवाज, म्हणजे जनरेटर, डीजे आणि हॉर्न. आपल्याला वाटतं हॉर्न दिला की समोरच्याला कळतं. उलट होतं. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज झाकला जातो, आणि काकांना हवा असतो तो नेमका लहान आवाज. त्यांच्या शब्दांत, "हॉर्न वाजवणं म्हणजे तुझ्या डोळ्यांवर बॅटरी मारून 'आता नीट बघ' म्हणणं."

तिसरा शत्रू नवा आहे: इलेक्ट्रिक गाडी. कमी वेगात टायरचा आवाज थोडा, इंजिनाचा आवाज नाहीच. ह्यावर संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत २०१६ साली १३८ क्रमांकाचा नियम झाला. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात मुद्दाम आवाज करायचा. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेल्सना आणि जुलै २०२१ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना तो लागू झाला. त्याहून जास्त वेगात टायर पुरेसे वाजतात, असं त्यामागचं गणित. पण हा नियम चारचाकींसाठी आहे, आणि आपल्या गेटसमोरची शांतता बहुतेक वेळा दोन चाकांवर येते, बऱ्याचदा राँग साइडने.

थोडी आकडेमोड

आता इंजिनिअरिंगचं मासिक आहे म्हटल्यावर एवढं सहन करा.

सात मीटरची एक बाजू. आपण सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरू. पुस्तकांत बऱ्याचदा हाच आकडा असतो. लागले ५.८ सेकंद. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. तेवढ्या वेळात गाडी ८१ मीटर येते. म्हणजे पाऊल टाकताना जवळची गाडी निदान ८१ मीटर लांब हवी. काका काठी फिरवत सेकंदाला ०.९ मीटर चालतात. त्यांना ७.८ सेकंद लागतात आणि गाडी १०८ मीटर लांब हवी. आता सांगा, संध्याकाळच्या गोंगाटात १०८ मीटरवरची स्कूटर कोणाला ऐकू येईल? आम्ही बारा डोळे आणि बारा कान घेऊन प्रयत्न केला, कोणाला आली नाही.

आता गाडीवाल्याच्या बाजूने. सिव्हिलवाल्यांना थांबण्याचं अंतर पाठ असतं. चालकाला समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत २.५ सेकंद, मग ब्रेक लागल्यावरचं घसरणं. आपल्याकडच्या रस्त्यांच्या मानकांप्रमाणे ताशी ३० ला हे अंतर ३० मीटर येतं, ताशी ५० ला ६० मीटर. वेग दुप्पट झाला नाही, अंतर मात्र दुप्पट. आणि धडक बसलीच तर गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ३० ऐवजी ५० म्हणजे पावणेतीन पटींच्या वर.

ह्या आकड्यांतून एक गोष्ट निघते. पादचाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी १०८ मीटर ऐकणं त्याच्या हातात नाही. वाहनांचा वेग कमी करणं, एका वेळी ओलांडायचं अंतर कमी करणं आणि मधे उभं राहायला धड जागा देणं, हे रस्ता बांधणाऱ्याच्या हातात आहे. आपला डिव्हायडर एक मीटरचा आहे. काका आणि मी त्या दिवशी त्यावर आडवे उभे होतो म्हणून मावलो. सायकल घेऊन उभं राहिलात तर पुढचं चाक नाहीतर मागचं चाक रस्त्यात.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. आपल्या हॉस्टेलचा एक मजला म्हणा.

पायाला कळणारी लिपी

फुटपाथवर पिवळ्या खडबडीत फरशा दिसतात ना? मी पहिल्या वर्षी त्यांना डिझाइन समजत होतो. त्या जपानमध्ये सेइइची मियाके ह्यांनी १९६५ मध्ये शोधल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात दृष्टिहीनांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसल्या. लिपी दोनच अक्षरांची आहे. लांब पट्ट्या म्हणजे 'ह्या दिशेने चल'. गोल टिपके म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. बुटातूनही कळतं, काठीलाही कळतं.

ह्यात एक सुंदर पेच आहे. व्हीलचेअरसाठी फुटपाथची कड उतरती करावी लागते. पण दृष्टिहीन माणसाला रस्ता सुरू झाल्याचं सांगणारी तीच तर कड असते! एकाची सोय केली की दुसरा न कळत रस्त्यात. म्हणून उताराच्या तोंडाशी टिपक्यांची ओळ लागतेच. एकाची सोय करताना दुसऱ्याची काढून घेत नाही ना, हे तपासणं म्हणजे डिझाइन, असं आमच्या गाइड मॅडम म्हणाल्या. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, पण लक्षात राहिलं.

आता आपल्या गेटबाहेरची स्थिती. पट्ट्यांची ओळ छान सरळ येते आणि विजेच्या डीपी बॉक्सवर जाऊन आदळते. त्याच्या अलीकडचे वीस-बावीस फूट मी डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा दिसतच नव्हते. त्यावर बाइक लावलेल्या होत्या. कोणाच्या? हे काही मनपाने केलेलं नाही हो. स्टिकर आपल्याच कॉलेजचे होते. त्यातली एक माझ्या रूममेटची.

पांढरी काठी काय सांगते

१९२१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जेम्स बिग्ज नावाच्या गृहस्थांची दृष्टी अपघातात गेली. घराभोवतीच्या रहदारीत आपण लोकांना दिसावं म्हणून त्यांनी हातातली काठी पांढरी रंगवली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रिचर्ड हूव्हर ह्यांनी दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत बसवली. काठी डावी-उजवी फिरवत, पाऊल पडणार तिथली जमीन एक पाऊल आधी तपासत जायचं. काका आजही तसंच चालतात. म्हणजे काठीची कामं दोन: मालकाला जमीन सांगणं आणि इतरांना मालक दाखवणं.

काठी जमिनीवरचं सांगते, पण कमरेच्या वरचं सांगत नाही. ट्रकचा उघडा फाळका, वाकलेली फांदी, दुकानाचा बोर्ड सरळ तोंडावर येतो. त्यासाठी आयआयटी दिल्लीत 'स्मार्टकेन' तयार झाली आणि २०१४ मध्ये बाजारात आली. काठीच्या मुठीवर बसणारं हे यंत्र अल्ट्रासॉनिक लहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचे अडथळे सुमारे तीन मीटरपर्यंत ओळखतं आणि मूठ थरथरवून सांगतं.

आता एक प्रश्न. लर्निंग लायसन्सची परीक्षा आठवते? त्यात एक प्रश्न असतो: पांढरी काठी घेतलेली दृष्टिहीन व्यक्ती रस्ता ओलांडताना दिसली तर चालकाने काय करावं? उत्तर: पांढरी काठी हीच गाडी थांबवण्याची वाहतूक खूण समजावी. आपण सगळ्यांनी ह्यावर बरोबर टिक करून लायसन्स घेतलं आहे. पास झालो, आणि विषय संपला.

आणि आपण, म्हणजे दिसणारे

ह्या लेखाच्या पहिल्या कच्च्या प्रतीत मी स्वतःबद्दल 'डोळे असून आंधळा' असं लिहिलं होतं. काकांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ते खोड. आंधळा माणूस असा रस्त्यात जात नाही."

बरोबर आहे. दृष्टिहीन माणूस रस्ता ओलांडताना सगळं लक्ष रस्त्याला देतो. आपण लक्षच देत नाही. दोघांना एका रांगेत बसवू नका. त्यांच्याकडे पर्याय नाही, आपल्याकडे आहे.

पण लक्ष जातं म्हणजे नेमकं काय होतं? अमेरिकेत वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात एक मजेदार प्रयोग झाला होता. कॅम्पसच्या चौकात एका विदूषकाला एकचाकी सायकलवर फिरायला लावलं, आणि तिथून चालत गेलेल्यांना नंतर विचारलं, विदूषक दिसला का? एकट्याने, काही हातात न घेता चालणाऱ्यांपैकी निम्म्यांना दिसला होता. जोडीने गप्पा मारत जाणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांना दिसला. मोबाइलवर बोलत जाणाऱ्यांपैकी फक्त चौथ्या हिश्शाला. लक्षात घ्या, ही माणसं बोलत होती, स्क्रीनकडे बघत नव्हती. डोळे उघडे, नजर समोर, तरी विदूषक गायब. त्या दिवशी मीही डावीकडे बघितलं होतं. डंपर तिथे होताच. तो माझ्या डोळ्यांपर्यंत आला, डोक्यापर्यंत आला नाही.

जगात ह्यावर बरेच उपाय चालू आहेत. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात २०१६ मध्ये ट्राम थांब्याजवळ जमिनीतच लाल दिवे बसवले, खाली मान घातलेल्यांसाठी. नेदरलँड्समधल्या बोडेग्रावन गावात २०१७ मध्ये फुटपाथच्या कडेला उजेडाची पट्टी बसवली. होनोलुलू शहराने २०१७ मध्ये रस्ता ओलांडताना मोबाइलमध्ये बघण्यावर दंड लावला. जपानमधल्या यामातो शहराने २०२० मध्ये चालताना स्मार्टफोन वापरायला बंदी केली, पण दंड ठेवला नाही. नुसता नियम, लोकांना आठवण राहावी म्हणून.

माझा नियम साधा आहे. वाचायचं असेल तर थांब. चालायचं असेल तर खिशात. मधलं काही नाही. आणि गेटच्या बाहेर दोन्ही कान मोकळे.

आमचा बझर आणि त्याची फजिती

सहाव्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्ट आलं. आम्ही तिघांनी ठरवलं, आवाज करणारा पादचारी सिग्नल करायचा. मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक बटण, एक पिएझो बझर. बटण दाबलं की हिरवा दिवा आणि 'पीऽऽऽ'. दोन दिवसांत तयार. आम्ही खूश.

चाचणी मेससमोरच्या आतल्या रस्त्यावर, सिक्युरिटीवाल्या मामांना दोन्हीकडची वाहतूक थांबवायला लावून. बझर पलीकडच्या खांबावर, काका अलीकडे. आवाज सुरू झाला, काका निघाले आणि थेट गुलमोहराच्या आळ्यात. म्हणाले, "आवाज येतोय रे, पण कुठून येतोय तेच कळत नाही."

हे आम्हाला सुचलंच नव्हतं. वाचलं तेव्हा कारण कळलं. आपल्या दोन कानांत १८ ते २० सेंटिमीटर अंतर असतं. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा फार तर ०.६ मिलिसेकंद आधी पोचतो. कमी फ्रिक्वेन्सीला मेंदू ह्या वेळेच्या फरकावरून दिशा काढतो. जास्त फ्रिक्वेन्सीला डोक्याची सावली पडते, म्हणजे पलीकडच्या कानाला आवाज लहान येतो, त्यावरून काढतो. मधे, साधारण दीड ते तीन हजार हर्ट्झला, दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. आमच्या स्वस्तातल्या बझरची फ्रिक्वेन्सी किती? तीन हजारांच्या जवळपास! दिशा सांगायला सगळ्यांत वाईट जागा आम्ही डेटाशीट न वाचता अचूक निवडली होती.

मग बझर काढला, लहान स्पीकर लावला आणि 'पी' ऐवजी 'टक टक टक' केलं. छोट्या टकटकीत बऱ्याच फ्रिक्वेन्सी एकत्र असतात आणि प्रत्येक टक्क्याला नवी सुरुवात मिळते, त्यामुळे दिशा लगेच कळते. काका सरळ गेले.

दुसरी फजिती आवाजाच्या पातळीची. दुपारी ऐकू येईना, आणि रात्री रेक्टर सरांनी बोलावून घेतलं. मग मायक्रोफोन लावून आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा थोडाच मोठा आवाज ठेवणारी सोय केली.

व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "ह्यात नवीन काय?" सर, काहीच नाही. अमेरिकेच्या मानकांत हे सगळं लिहिलेलं आहे. खांब कुठे आहे हे सांगायला सेकंदाला एक टक, ओलांडायची वेळ झाली की सेकंदाला आठ ते दहा, आणि आवाज गोंगाटाप्रमाणे आपोआप कमी-जास्त. पूर्वी एका दिशेला कोकिळेसारखा आणि दुसऱ्या दिशेला पिल्लासारखा आवाज लावत. जपानमध्ये तो अजून ऐकू येतो. पण कोणता पक्षी कोणत्या दिशेचा हे पाठ करावं लागतं, आणि खऱ्या पक्ष्यांना तर कोणी सांगितलेलंच नसतं. इंग्लंडमध्ये त्याहून साधी युक्ती आहे. बटणाच्या पेटीखाली एक छोटा खाचांचा शंकू असतो. हिरवा माणूस लागला की तो बोटांखाली फिरू लागतो. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात तो तयार झाला. गोंगाटात चालतो, ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांनाही चालतो, आणि शेजारच्या बिल्डिंगची झोप मोडत नाही.

एक गोष्ट मात्र काकांनी बजावली. "तुझं यंत्र सांगतं की दिवा हिरवा झाला. गाड्या थांबल्या असं ते सांगत नाही. ते मलाच ऐकावं लागतं." रिपोर्टच्या 'मर्यादा' ह्या प्रकरणात आम्ही हे वाक्य जसंच्या तसं टाकलं.

आणि कायदा? १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातच, कलम ४५ मध्ये, सिग्नलला आवाजाची सोय, उतरत्या कडा आणि झेब्रा क्रॉसिंगवर पायाला कळेल असा पृष्ठभाग, हे सगळं होतं. पण सोबत 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी शेपटी होती. त्याची जागा २०१६ च्या कायद्याने घेतली. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. म्हणजे माझा जन्म व्हायच्या आधीपासून कागदावर ही सोय आहे, आणि आपल्या गेटसमोर अजून एक झेब्रा पट्टाही धड नाही.

मदत कशी करावी (काकांचा क्लास)

१. आधी बोला, मग विचारा. "काका, मी थर्ड इयरचा अमुक, रस्ता ओलांडायचा आहे का?" कधीकधी माणूस नुसता कोणाची तरी वाट बघत उभा असतो. काकांना आजवर दोनदा लोकांनी न विचारता पलीकडे नेऊन सोडलं आहे. तिथून परत यावं लागलं.

२. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

३. त्यांचा हात धरू नका, आपला कोपर द्या. ते कोपराच्या वर धरतील आणि अर्धं पाऊल मागे राहतील. तुमचं शरीर वळलं, थांबलं, चढलं, की त्यांना आपोआप कळतं. मागून ढकललं तर काहीच कळत नाही. मी त्या दिवशी दंड धरून ढकलत होतो.

४. काठीला हात लावू नका. काठी धरून ओढणं म्हणजे कोणाची मान धरून चालवणं.

५. सरळ ओलांडा. तिरकं गेलात तर तुम्ही सोडून दिल्यावर त्यांना दिशा राहत नाही.

६. "इकडे, तिकडे, ते बघा" ह्याचा उपयोग नाही. "दोन पावलांवर डिव्हायडर, एक पायरी वर" असं सांगा.

७. पलीकडे गेल्यावर कुठे आहोत ते सांगा, आणि आपण जातोय तेही सांगा. नाहीतर माणूस हवेशी बोलत राहतो.

८. गाडीवर असाल तर लांबूनच थांबा. हॉर्न नको, लाइट मारणं नको, हाताने "या या" करणं तर नकोच. ते कोणाला दिसणार?

९. आणि मदत करताना मोबाइल खिशात. हा नियम माझ्यामुळे वाढला.

शेवटी

रस्ता आपला नाही, मनपाचा आहे. झेब्रा, स्पीड टेबल, रुंद डिव्हायडर आणि डीपी बॉक्सजवळच्या फरशा, असा अर्ज आम्ही आकडेमोडीसकट प्राचार्यांच्या सहीने दिला आहे. उत्तर यायचंय. मी आठवड्यातून एकदा चौकशीचा फोन करतो. काकाच लावून देतात.

पण फरशांवरच्या बाइक काढायला कोणाच्या सहीची गरज नव्हती. रूममेटशी तीन दिवस भांडण झालं, मग तोच सिक्युरिटीवाल्या मामांबरोबर उभा राहून बाकीच्यांच्या बाइक हलवायला लागला. आता ती ओळ बहुतेक दिवस मोकळी असते. ह्या अंकात हे वाचून उरलेले दोघे-तिघेही ऐकतील अशी आशा आहे. तुमच्या गाड्यांचे नंबर मला माहीत आहेत.

रोज साडेपाचला काका गेटवर येतात. मी असलो तर विचारतो. कधी "चल" म्हणतात, कधी "आज मोकळा वाटतोय, मी जातो". तेव्हा मी बाजूला उभा राहतो आणि त्यांच्यासारखं ऐकायचा प्रयत्न करतो. आधी नुसता गोंगाट असतो. मग हळूहळू त्यात एक बस वेगळी होते, एक रिक्षा, लांबवरची एक बुलेट. सहा महिन्यांत एवढंच जमलंय.

तुम्हीही एकदा करून बघा. फुटपाथवर सुरक्षित उभं राहून, पाऊल न टाकता. उद्या गेटवर भेटू. इअरफोन काढून या.

— रूम नं. ११४, तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार